कुलूप चोख आहे, पण दुसरी किल्ली कुठाय?

नातेवाइकांमध्ये एकदा का 'ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती झाली की त्या माणसाला लग्नकार्यातसुद्धा सुट्टी नसते. अक्षता टाकून होतायत न होतायत तोच कोणीतरी हळूच कोपऱ्यात घेतं आणि "जरा एक विचारायचं होतं..." अशी सुरुवात होते. पूर्वी हे प्रश्न प्रिंटरचे आणि व्हायरसचे असायचे. गेल्या काही वर्षांत मात्र एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "अरे, लॅपटॉप लावला तर निळा पडदा आला. ४८ आकडी किल्ली मागतोय. आम्ही तर असलं काही कुलूप लावलंच नव्हतं!"

ह्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आजची पोस्ट त्या वाक्यावरच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं तांत्रिक पुराण वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. तो लॅपटॉप 'उघडणार नाही' म्हणतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. बहुतेक वेळा तो त्याचं काम अगदी चोख करत असतो. चूक असते ती मालकाला न सांगता कुलूप लावणाऱ्याची, आणि दुसरी किल्ली मालकाच्या हातात न ठेवणाऱ्याची. पण म्हणून कुलूपच काढून टाका, हा जो सल्ला गल्लोगल्ली मिळतो, तोही मला मान्य नाही.

आता पुराण.

तुमच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाची एक सुरक्षा चिप असते. 'ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल' हे तिचं पूर्ण नाव. कधी ती मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते, कधी प्रोसेसरच्याच पोटात असते. ही काही कालची गोष्ट नाही. तिचे नियम ठरवणारा 'ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप' २००३ साली स्थापन झाला. विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आलं आणि चिपला मोठं काम मिळालं. तरीही कित्येक वर्षं ती ऑफिसच्या लॅपटॉपांपुरतीच होती. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्याने टीपीएम २.० सक्तीची केली. तिथून ती घराघरात पोचली.

ही चिप एक काम फार छान करते. तिला एखादं गुपित द्यायचं (म्हणजे डिस्क उघडायची किल्ली) आणि सांगायचं, "आत्ता कॉम्प्युटर ज्या अवस्थेत आहे, अगदी त्याच अवस्थेत असेल तेव्हाच हे परत दे." चिप ते गुपित स्वतःच्या आतल्या किल्लीने सीलबंद करून देते. ते सीलबंद पाकीट डिस्कवरच पडून असतं, पण उघडता येतं फक्त त्याच चिपला.

आता 'तीच अवस्था' हे चिपला कळतं कसं? इथे मी नेहमी आमटीचं उदाहरण देतो. चिपमध्ये पीसीआर नावाची २४ पातेली असतात असं समजा. कॉम्प्युटर सुरू होताना एकेक टप्पा पुढच्या टप्प्याचा ठसा घेतो आणि तो पातेल्यात टाकतो. बायोसचा कोड गेला शून्य नंबरच्या पातेल्यात, बूट लोडर गेला चार नंबरच्या, सिक्युअर बूटची स्थिती गेली सात नंबरच्या. टाकलेलं काढता येत नाही, आमटीतलं मीठ काढता येतं का? आणि क्रमसुद्धा महत्त्वाचा. मोहरीआधी हिंग पडला तर चव वेगळी. मशीन बंद करून सुरू केलं की पातेली रिकामी होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी चिप फक्त चव बघते. चव जुळली तर किल्ली मिळते, नाही जुळली तर नाही.

चिपला 'थोडीशी वेगळी' ही भानगड कळत नाही. बायोस अपडेट केलात की चव बदलली. सिक्युअर बूट बंद केलंत की बदलली. हे बदल तुम्ही केलेत की चोराने, हे तिला ठाऊक नसतं आणि ठाऊक व्हायचा मार्गही नाही. म्हणून ती दोघांनाही सारखंच 'नाही' म्हणते. मला तर तिचा हा सरळपणा आवडतो.

आता 'सील उघडत नाही' ह्या तक्रारीमागे तीन अगदी वेगळी दुखणी असतात. डॉक्टरने ताप बघून एकच गोळी द्यावी तसा इथे सगळ्यांना एकच उपाय सांगतात, आणि तिथेच घात होतो.

पहिलं दुखणं : चव बदलली. लिनक्सवर चिपशी थेट बोलणाऱ्यांना हे 'पॉलिसी फेल' ह्या नावाने दिसतं. गुपित शाबूत आहे, चिप तीच आहे, फक्त अवस्था जुळत नाही. उपायही सोपा. काय बदललं ते आठवा आणि ते मागे घ्या. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर चालू करा. पेनड्राइव्ह किंवा डॉक लावलेला असेल तर काढा. बूटचा क्रम बदलला असेल तर पूर्ववत करा. नव्या बूट लोडरने किंवा कर्नलने गडबड केली असेल आणि मेनूत जुना अजून असेल, तर त्याच्याने बूट करून बघा. बऱ्याचदा पाकीट आपोआप उघडतं, आणि मग त्या नव्या अवस्थेसाठी नवं सील करता येतं.

दुसरं दुखणं : चिपच बदलली, किंवा चिप पुसली गेली. ह्याला चिपच्या भाषेत 'इंटिग्रिटी चेक फेल्ड' म्हणतात. पाकीट आहे, पण ज्या किल्लीने ते सीलबंद केलं ती आता जगात नाही. इथे सेटिंग मागेपुढे करण्यात काही अर्थ नाही. कोणी कितीही हुशार असला तरी ते पाकीट उघडणार नाही. दुसरी किल्ली असेल तर डेटा आहे, नसेल तर नाही.

तिसरं दुखणं : चिप रुसली. पिन लावलेली असेल आणि कोणी ती वारंवार चुकवली तर चिप काही काळ तोंड बंद करते, 'लॉकआउट'. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत ३२ चुका झाल्या की हे होतं, आणि दर १० मिनिटांनी ती एक चूक विसरते. इथे औषध एकच. मशीन चालू ठेवा, चहा प्या आणि थांबा. :)

आता गंमत बघा. पहिल्या आणि दुसऱ्या दुखण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण घरच्या माणसाला पडदा दिसतो तो दोन्ही वेळा जवळपास तोच. अलीकडच्या विंडोजमध्ये कारणाचा एक संकेतांक खाली येऊ लागलाय, तेवढं बरं झालं. पण तो संकेतांक वाचून ज्याला उमज पडेल त्याला मुळात मला फोन करायची गरज नसते. साध्या शब्दांत 'तुमची सेटिंग बदलली आहे, ती मागे घेऊन बघा' एवढं लिहायला काय होतं?

आणि सगळ्यात घातक सल्ला कोणता, तर "टीपीएम क्लिअर करून टाका, होईल सुरू." हा सल्ला पहिल्या दुखण्याच्या रोग्याला दुसऱ्या दुखण्यात ढकलतो. काही एएमडी मशीनमध्ये प्रोसेसर बदलला की काळ्या पडद्यावर प्रश्न येतो, वाय दाबून चिप रिसेट करायची की एन दाबून जुनं ठेवायचं. त्यातच लिहिलेलं असतं की बिटलॉकर असेल तर रिकव्हरी कीशिवाय मशीन चालू होणार नाही. इतकं वाचतो कोण? आपल्याकडे वाय हा होकार आहे आणि होकार म्हणजे पुढे जाणं. दाबलं वाय, संपलं.

आता जे सांगणार आहे ते घरातल्या मंडळींना माहीत आहे. दादाकाकांच्या परवानगीने लिहितो.

दादाकाकांनी निवृत्तीनंतर आपल्या घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यांच्या नामावळीतून नोंदी उतरवून आणल्या, गावातल्या वृद्ध मंडळींना भेटले, मोडी वाचणारा माणूस शोधून जुने कागद लावून घेतले. सात वर्षांचं काम. सगळं लॅपटॉपमध्ये टाइप केलेलं. मग लॅपटॉप चार्ज होईना, म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानाने मदरबोर्ड बदलून दिला, जुना बोर्ड परत कंपनीकडे गेला, आणि त्याच्याबरोबर चिपही गेली. घरी आणून लावला तर निळा पडदा.

मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, की ह्या लॅपटॉपवर खातं कुठलं आहे? तर खातं दुकानाने काढलं होतं! विकतानाच, 'काका, तुम्हाला त्रास नको' म्हणून तिथल्या मुलाने कुठलातरी ईमेल पत्ता तयार करून मशीन चालू करून दिलं होतं. एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं, रिकव्हरी की आपोआप त्या खात्यात गेली, आणि खात्याचा पत्ता-पासवर्ड त्या मुलाबरोबर दुसऱ्या नोकरीला गेला. कोणी मुद्दाम वाईट केलं असं नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने मदतच केली. तरी सात वर्षांच्या कामातलं हाती लागलं ते एवढंच : मध्ये कधीतरी माईआत्याला ईमेलने पाठवलेला एक जुना मसुदा, आणि हाताने लिहिलेल्या वह्या. दादाकाका शहात्तराव्या वर्षी पुन्हा टाइप करतायत.

मला ह्यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की ह्या सगळ्या प्रवासात एकदाही कोणी त्यांना "तुमचा डेटा आता कुलूपबंद आहे, ही घ्या दुसरी किल्ली, जपून ठेवा" असं म्हटलं नाही. एकदाही नाही. बँकेत लॉकर घ्यायला जा, सही करून घेतात, किल्ली हातात ठेवतात आणि हरवलीत तर लॉकर फोडायचा खर्च तुमच्यावर, असं तोंडावर सांगतात. लॅपटॉपचा लॉकर मात्र मालकाच्या नकळत बंद होतो. २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीत, म्हणजे २४एच२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने अटी सैल केल्या आणि नव्याने विंडोज टाकलेल्या कितीतरी जास्त मशीनवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ लागलं. हेतू चांगला आहे हे मी मान्य करतो. पण न विचारता केलेल्या उपकारातही उपकार करणाऱ्याने किमान सांगायचं तरी असतं.

ह्यावर दोन बाजूंनी उत्तरं येतात.

पहिली बाजू आपल्या कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याची. "कशाला पाहिजे ते एन्क्रिप्शन? तुमच्याकडे काय अणुबॉम्बचे नकाशे आहेत?" नाहीत बाबा. पण आधार आणि पॅनची स्कॅन केलेली प्रत आहे, बँकेची स्टेटमेंटं आहेत, आईचे मेडिकल रिपोर्ट आहेत. एन्क्रिप्शन नसेल तर लोकलमध्ये चोरीला गेलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं, तुमचा विंडोजचा पासवर्ड तिथे उपयोगी पडत नाही. जुना लॅपटॉप विकलात तरी तीच भीती. आणि हातातला मोबाईल तर केव्हाचाच एन्क्रिप्टेड आहे, त्याचं कोणी नाव काढत नाही. म्हणून कुलूप हवंच.

दुसरी बाजू जाणकारांची. "सूचना दिलेली असते. लोक वाचत नाहीत. किल्ली जपणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी." हे ऐकलं की मला १९ जुलै २०२४ आठवतो. त्या दिवशी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली विंडोज मशीनं आडवी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्याचा उपाय कागदावर अगदी सोपा होता : सेफ मोडमध्ये जा आणि एक फाइल काढून टाका. पण अनेक ठिकाणी सेफ मोडच्या दारातच बिटलॉकरने ४८ आकडे मागितले. आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोही त्याच अपडेटने आडवा झालेला! त्याच महिन्यात विंडोजच्या स्वतःच्याच जुलैच्या अपडेटनेही काही मशीनं रिकव्हरीच्या पडद्यावर नेऊन उभी केली होती, ती चूक ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाली. जिथे हे सांभाळायला पगारी माणसं बसलेली असतात तिथे अशी धावपळ झाली, मग दादाकाकांनी कुठल्या तोंडाने 'मी सूचना वाचली नाही' म्हणून अपराधी वाटून घ्यायचं?

माझी मागणी फार नाही. कुलूप लागायच्या आधी पडद्यावर, मराठी निवडली असेल तर मराठीत, तीन वाक्यं दिसावीत : तुमची डिस्क कुलूपबंद होते आहे, ही दुसरी किल्ली, ती कागदावर लिहा. आणि मग त्या किल्लीतले दोन-तीन गट परत टाइप करायला लावावेत, तोवर कुलूप लागूच नये. इथेच एवढी घाई कशाला? आणि दुरुस्तीवाल्यांसाठी नियम असावा, की मदरबोर्डला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, 'रिकव्हरी की आहे का?' नसेल तर आधी ती काढायची, मग स्क्रू ड्रायव्हर.

किल्ली कंपनीच्या खात्यात ठेवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांना तीच सोय वाचवते. पण तिथे ठेवलेली किल्ली कायदेशीर आदेश आला तर कंपनी तिसऱ्याला देऊ शकते, आणि खातं गेलं तर किल्लीही जाते. कुठे ठेवायची हे मालकाने समजून उमजून ठरवावं, एवढंच.

तोवर आपलं आपण करायचं. आज रात्री जेवणं झाली की एवढं करा :

सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मिळवा. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल तर बहुधा ती तिथे आपल्या उपकरणाच्या नावाखाली असेल. ते खातं खरोखर तुमचं आहे ना, हेही ह्याच निमित्ताने कळेल.

ती कागदावर लिहा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. एक युक्ती सांगतो, प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. लिहून झाल्यावर नातवंडांना भागाकार करायला बसवा. बाकी उरली तर उतरवताना आकडा चुकला आहे. सोबत 'की आयडी'ची सुरुवातही लिहा, म्हणजे घरात दोन लॅपटॉप असले तरी घोळ होणार नाही. आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका! जिथे घराचे कागद आणि विम्याच्या पॉलिसी असतात तिथे ठेवा.

बायोस अपडेट करायचं असेल किंवा लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा. हे विशेष सांगतोय, कारण सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या सर्टिफिकेटांची मुदत २०२६ मध्ये संपते आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात, म्हणजे सात नंबरच्या पातेल्याची चव बदलणार. बहुतेक मशीन स्वतःच नवं सील करून घेतील, पण कागद जवळ असला की झोप चांगली लागते.

लिनक्सवाल्या मित्रांनो, तुम्ही स्वतःला शहाणे समजता म्हणून वेगळं सांगतो. लक्सच्या डिस्कला एकाहून जास्त किल्ल्यांची जागा असते, ती काय शोभेला नाही. चिपची किल्ली लावलीत म्हणून जुना पासफ्रेज काढून टाकू नका. आणि शून्य नंबरच्या पातेल्यावर सील केलंत तर प्रत्येक फर्मवेअर अपडेटला रडाल. सातवर केलंत तर तेवढं रडावं लागणार नाही.

आणि ह्या सगळ्याच्या वर, बॅकअप. रिकव्हरी की कुलूप उघडते, मेलेली डिस्क जिवंत करत नाही.

घरातल्या मंडळींसाठी एक शेवटचं. निळा पडदा आलाच तर काहीही दाबू नका, कोणाचंही ऐकून काहीही 'क्लिअर' करू नका. पडद्याचा फोटो काढा आणि गेल्या दोन दिवसांत मशीनचं काय काय केलंत ते एका कागदावर लिहा. मग मला फोन करा. लग्नाच्या मांडवात असलो तरी चालेल.